अस्तंब्याची जखम आणि आपला घोटा

वाचकहो, धनत्रयोदशी जवळ आली की तळोद्याचे रस्ते यात्रेकरूंनी गजबजू लागतात. सातपुड्यात, धडगाव तालुक्यात, अस्तंबा ऋषींचे शिखर आहे. ते अश्वत्थाम्याचे ठाणे मानले जाते. मस्तकावरचा मणी गेल्यानंतरची जखम घेऊन तो चिरंजीव अजून या डोंगरांतून हिंडतो आणि भेटेल त्याच्याकडे जखमेवर घालायला तेल मागतो, अशी येथील श्रद्धा आहे. महाभारताच्या सौप्तिक पर्वात श्रीकृष्णाने त्याला दिलेला शाप सविस्तर आला आहे. त्याच्या देहाला पू आणि रक्ताचा दर्प येत राहील, तो एकटाच भटकेल, बोलायला कोणी सोबती मिळणार नाही आणि माणसांत त्याला थारा राहणार नाही, असे त्या शापाचे स्वरूप आहे.

हा शाप भोगत असल्यासारखी माणसे आपल्या घरांतही असतात. घोट्याच्या आतल्या बाजूला, किंचित वर, रुपयाएवढी जखम होते. ती वाढून तळहाताएवढी होते. तिच्यातून पाणी झिरपते, धोतर किंवा साडीचा काठ ओला होतो, वास येतो. मग ते माणूस लग्नाकार्याला जाणे टाळते, पंगतीत कडेला बसते आणि हळूहळू घराच्या मागच्या खोलीत राहू लागते. तेल झाले, हळद झाली, औषधांच्या दुकानातून आणलेली पाचसहा मलमे झाली. वर्षे सरली, तरी जखम भरत नाही. ‘आता हे माझ्याबरोबरच जायचे’ असे ते माणूस म्हणू लागते.

आजचा लेख या जखमेसाठी आहे. तिला वैद्यकात नीलाजन्य व्रण म्हणतात. तिच्यामागे कोणताही शाप नसून एक साधे, समजण्याजोगे कारण असते. तिचा मुख्य उपचार मलमाच्या नळीत सापडत नाही. पायाला बाहेरून दिलेला योग्य दाब, हाच तो उपचार. हा दाब रोज देण्याचे काम डॉक्टरांपेक्षा रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांनाच अधिक करावे लागते. म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे.

जखम का भरत नाही?

हृदयाकडून शुद्ध रक्त पायाकडे नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी आणि पायाकडून अशुद्ध रक्त वर नेणाऱ्या वाहिन्यांना नीला म्हणतात. खाली येणे रक्ताला सोपे आहे, पण घोट्यापासून छातीपर्यंत वर चढणे अवघड आहे. त्यासाठी निसर्गाने दोन सोयी केल्या आहेत. नीलांच्या आत ठिकठिकाणी झडपा असतात. त्या रक्ताला वर जाऊ देतात, खाली परतू देत नाहीत. दुसरी सोय पोटरीच्या स्नायूंची. आपण चालतो तेव्हा हे स्नायू आवळतात आणि दोन्ही बाजूंनी दाबून नीलेतील रक्त वर ढकलतात. पोटरीला पायातले दुसरे हृदय म्हणतात ते याच कारणाने.

माणूस निश्चल उभा असतो तेव्हा घोट्याजवळच्या नीलेतील दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटर असतो. तोच माणूस चालू लागला आणि झडपा निरोगी असल्या, की हा दाब ३० मिलिमीटरच्याही खाली उतरतो. झडपा बिघडल्या, तर चालूनही तो पुरेसा उतरत नाही. रक्त वर जाते आणि पुन्हा खाली घसरते. साचलेल्या रक्ताच्या दाबाने पाणी सूक्ष्म वाहिन्यांतून बाहेर झिरपते आणि सूज येते. तांबड्या पेशी त्वचेत उतरून फुटतात आणि घोट्याभोवती तपकिरी डाग पडतो. तेथे खाज सुटते, कातडी कडक आणि चकचकीत होते. अशा कातडीला सायकलच्या पॅडलचा, खाटेच्या कोपऱ्याचा किंवा स्वतःच्याच नखाचा साधा ओरखडा पुरतो. जखम होते, आणि खाली पाणी साचलेले असल्याने ती भरत नाही. पाझरणाऱ्या भिंतीला आपण बाहेरून कितीही वेळा चुना लावला, तरी आतला पाझर थांबल्याखेरीज तो टिकत नाही. मलमाचेही तसेच होते.

दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांना, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांना, वजन अधिक असलेल्यांना आणि पूर्वी पायाच्या खोल नीलेत रक्ताची गुठळी झालेल्यांना हा त्रास जास्त होतो. दुकानदार, न्हावी, शिक्षक, पिठाची गिरणी चालवणारे आणि ओट्यापाशी तासन्तास उभ्या राहणाऱ्या गृहिणी, हे सगळे या यादीत येतात.

दाबाचे शास्त्र

व्रण बांधण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पट्टी बांधण्याचे निरनिराळे प्रकार सांगितले आहेत आणि बांधण्याची गाढ, सम आणि शिथिल अशी तीन मानेही सांगितली आहेत. शरीराच्या कोणत्या भागावर किती घट्ट बांधावे, याचा विवेक त्यात आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणाला बांधू नये, हेही तेथे आले आहे. कुष्ठरोग्यांचे व्रण आणि मधुमेहींच्या पुळ्या यांची नोंद त्या यादीत आहे. हा इशारा लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपण लवकरच परत येणार आहोत.

आजचे दाबमोजे मात्र अलीकडचे आहेत. जर्मनीत जन्मलेले कॉनराड जॉब्स्ट हे अमेरिकेतील अभियंते स्वतः पायांच्या नीलांच्या विकाराने त्रस्त होते. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांना आराम पडतो, हे त्यांच्या ध्यानात आले. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो. १ मीटर खोलीवर तो पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटरइतका असतो. म्हणजे तलावात उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याला सर्वांत जास्त दाब मिळतो आणि वर वर तो कमी होत जातो. हेच तत्त्व धरून १९५० च्या सुमारास त्यांनी घोट्याशी घट्ट आणि गुडघ्याकडे सैल होत जाणारे मोजे तयार केले.

व्रण भरून येण्यासाठी साधारणपणे घोट्याशी ४० मिलिमीटरच्या आसपास दाब लागतो. व्रण भरल्यानंतर किंवा नुसत्या सुजेसाठी २० ते ३० किंवा ३० ते ४० मिलिमीटरचे मोजे देतात. मोज्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. तो पाहूनच मोजे घ्यावेत. धावपटूंसाठीचे घट्ट मोजे किंवा नुसते जाड मोजे यांचा येथे उपयोग नाही.

आधी पायाची नाडी, मग दाब

आता तो इशारा. पायावरची प्रत्येक जखम नीलेमुळे होत नाही, आणि चुकीच्या पायाला दिलेला दाब पाय गमावण्यास कारण होऊ शकतो. म्हणून मोजे विकत आणण्यापूर्वी डॉक्टरांकडून पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात.

पहिली गोष्ट रोहिणीची. वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्यांच्या, तंबाखू खाणाऱ्यांच्या आणि मधुमेहींच्या रोहिण्या अरुंद झालेल्या असू शकतात. अशा पायात मुळातच रक्त कमी पोचते. त्यावर बाहेरून दाब दिला, तर पोचणारे रक्तही अडते. अशा रुग्णाची जखम बहुधा बोटांवर, टाचेवर किंवा नडगीवर असते आणि ती फार दुखते. रात्री वेदना वाढते आणि पाय खाटेखाली लोंबता सोडला की बरे वाटते. डॉक्टर पावलावरची नाडी बोटांनी चाचपतात. त्याशिवाय डॉप्लरच्या लहान यंत्राने घोट्याचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. हे गुणोत्तर ०.८ किंवा त्याहून अधिक असेल, तर सामान्यतः पूर्ण दाब देता येतो. ०.५ ते ०.८ असेल, तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हलका दाब देतात. ०.५ हून कमी असेल, तर दाब देत नाहीत. मधुमेहींच्या रोहिण्या कडक झाल्यास हा आकडा फसवा, १.३ च्याही वर येतो. अशा वेळी अधिक तपासण्या कराव्या लागतात.

दुसरी गोष्ट बधिरपणाची. तळपायावर, चवड्याखाली जखम असेल आणि ती दुखत नसेल, तर मधुमेह किंवा कुष्ठरोग यांचा विचार केला पाहिजे. तेथे दाबमोज्यांचे काम नाही. पावलावरचा भार कमी करणे आणि योग्य पादत्राण देणे हे तेथील उपचार आहेत.

तिसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याशी विशेष निगडित आहे. नंदुरबारच्या आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या आजारातही घोट्याजवळ हट्टी व्रण होतात आणि दिसायला ते नीलेच्या व्रणासारखेच असतात. दाबाची मदत तेथेही घेतात, पण मूळ आजाराचे उपचार त्याच्या जोडीला लागतात. तरुण मुलाच्या किंवा मुलीच्या घोट्याजवळ जखम झाली, अंग फिके पडले, सांधे वारंवार दुखत असले, तर सिकलसेलची रक्ततपासणी अवश्य करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हा आजार संपवावा, असे त्याचे ध्येय आहे. तपासणीसाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात विचारणा करावी.

चौथी गोष्ट सुजेची. दोन्ही पाय सारखेच सुजले असतील, धाप लागत असेल, चेहऱ्यावरही सूज असेल, तर दोष हृदयात, मूत्रपिंडात किंवा यकृतात असू शकतो. हृदय दुबळे असताना पायातले पाणी एकदम वर ढकलणे धोक्याचे ठरते. आणि एकच पाय अचानक सुजला, पोटरी ताठली, दुखू लागली, तर गुठळीची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. त्यात छातीत दुखू लागले किंवा दम लागला, तर एक तासही दवडू नये.

जखम उघडी असताना

तपासणी झाली, नीलेचाच दोष ठरला आणि दाब देण्यास हरकत नाही असे डॉक्टरांनी सांगितले, की पहिला टप्पा पट्टीचा असतो. जखम स्वच्छ पाण्याने धुवावी. उकळून गार केलेले पाणी उत्तम. स्पिरिट, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, राख, गोळी फोडून केलेली भुकटी यांपैकी काहीही जखमेत घालू नये. नवी कोवळी कातडी यांनी जळते किंवा बिथरते. जखमेला न चिकटणारे साधे ड्रेसिंग पुरते. अँटिबायोटिकची गरज प्रत्येक जखमेला नसते. भोवती लाली पसरली, पाय गरम झाला, वेदना वाढली, ताप आला, तेव्हा ती लागते आणि ती डॉक्टरांनीच द्यायची. जखम कधीही उघडी ठेवू नये. माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही. धनुर्वाताची लस घेतली आहे का, तेही विचारून घ्यावे.

ड्रेसिंगवर कापसाचा थर आणि त्यावर दाबाची पट्टी असा क्रम असतो. घोटा काटकोनात ठेवून, बोटांच्या मुळापासून आरंभ करून, टाच झाकून, गुडघ्याच्या दोन बोटे खालपर्यंत पट्टी न्यायची. प्रत्येक वेढ्याने मागचा अर्धा वेढा झाकला गेला पाहिजे. अनेक घरांत फक्त जखमेपुरतीच पट्टी गुंडाळलेली दिसते. त्याने पाऊल अधिकच सुजते. नडगीच्या हाडावर आणि घोट्याच्या उंचवट्यावर कापूस जास्त ठेवावा, कारण बारीक, हाडाळ जागी तीच पट्टी जास्त आवळते. दवाखान्यातील परिचारिकेकडून हे दोनतीनदा समोर बसून शिकावे, स्वतः बांधून दाखवावे, आणि मगच घरी सुरुवात करावी. औषधांच्या दुकानात मिळणारे क्रेप बँडेज काही तासांत सैल पडते, म्हणून ते रोज सकाळी नव्याने बांधावे लागते. दवाखान्यात बांधलेली अनेक थरांची पट्टी मात्र सहसा आठवडाभर राहते. ती मध्येच सोडू नये.

जखम कमी होते आहे की नाही, हे डोळ्यांना रोज कळत नाही. त्यासाठी एक सोपी रीत आहे. दर पंधरा दिवसांनी ड्रेसिंगच्या वेळी जखमेवर पारदर्शक प्लास्टिकचे दोन स्वच्छ कागद ठेवून वरच्या कागदावर पेनाने कडा उमटवावी, तारीख घालावी आणि तो कागद जपावा. खालचा कागद टाकून द्यावा. आकृत्या एकावर एक ठेवल्या की प्रगती दिसते, आणि रुग्णाला धीर येतो. योग्य दाब देऊनही तीन महिन्यांत जखम भरण्याच्या मार्गाला लागली नाही, तिच्या कडा उंचावल्या किंवा मांस वाढू लागले, तर तुकडा काढून तपासावा लागतो, कारण जुनाट जखमेत क्वचित कर्करोग उद्भवतो.

मोजे घालण्याची शिस्त

जखम भरली की पट्टी सुटते आणि मोजे सुरू होतात. माप सकाळी, सूज चढण्यापूर्वी द्यावे. घोट्याच्या हाडांच्या वर जेथे पाय सर्वांत बारीक आहे तेथील घेर, पोटरीचा सर्वांत मोठा घेर आणि टाचेपासून गुडघ्याच्या वळीपर्यंतची लांबी, अशी तीन मापे लागतात. बहुतेकांना गुडघ्याखालचे मोजे पुरतात.

मोजे सकाळी अंथरुणातून उतरण्यापूर्वी घालावेत. आपल्याकडे सकाळी आंघोळ झाल्याशिवाय पुढचे काही होत नाही. तेव्हा एक तर आंघोळ संध्याकाळी करावी, नाही तर आंघोळीनंतर वीस मिनिटे पाय उंच ठेवून पडावे आणि मग मोजे चढवावेत. पाय कोरडे असावेत. नखे कापलेली असावीत. जोडवी मोज्याचे धागे ओढतात आणि पैंजण किंवा वाळे दाबाखाली कातडीत रुततात, म्हणून ते काढून ठेवावेत.

मोजा टाचेपर्यंत उलटा करावा, पाऊल आत सारावे, टाच टाचेच्या जागी बसली का ते पाहावे आणि मग उरलेला भाग थोडा थोडा वर सरकवावा. वरची कड धरून ओढू नये. हातात भांडी घासण्याचे रबरी मोजे घातले, तर पकड चांगली येते. बोटे उघडी राहणाऱ्या मोज्यासाठी पावलावर आधी गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी चढवावी, मोजा वरून सरकवावा आणि पिशवी बोटांकडून ओढून काढावी. कोठेही सुरकुती राहू देऊ नये, आणि वरची कड दुमडू नये. दुमडलेली कड दुहेरी होऊन दोरीसारखी आवळते.

रात्री झोपताना मोजे काढावेत. तेव्हा पाय धुऊन, कोरडा करून त्वचेला साधे पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावावे. अखंड, कोरड्या कातडीला तेल जरूर लावा. उघड्या जखमेत मात्र ते घालू नका. सकाळी तेलकट पायावर मोजा चढवू नका, कारण तेलाने मोज्यातील लवचिक धागा लवकर खराब होतो. मोजे कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावेत, पिळू नयेत, उन्हात वाळत घालू नयेत. दोन जोड्या असाव्यात, म्हणजे एक वाळत असताना दुसरी पायात राहील. रोज वापरले तर साधारण सहा महिन्यांत त्यांचा दाब उतरतो. ते सहज चढू लागले, की बदलण्याची वेळ आली असे समजावे.

आपल्याकडचा वैशाख कसा असतो, हे सांगायला नको. उकाड्यात मोजे नकोसे होतात, हे अगदी खरे. अशा दिवसांत सुती मिश्रणाचे, बोटे उघडी असलेले मोजे घ्यावेत, मोज्यावरूनच थोडे पाणी शिंपडावे, दुपारची वेळ पाय उंच करून घालवावी. अगदीच असह्य झाले, तर डॉक्टरांना विचारून हलक्या दाबाचे मोजे घ्यावेत. चार महिने सोडून देण्यापेक्षा हलका दाब रोज घेणे केव्हाही बरे.

बोटे निळी, पांढरी किंवा गार पडली, मुंग्या आल्या, बधिरता आली, नवी वेदना सुरू झाली, तर दाब ताबडतोब काढावा आणि डॉक्टरांना दाखवावे. थोडे आवळल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. दुखणे स्वाभाविक नाही.

दाबाचे दोन सोबती

दाबाला चालण्याची जोड हवी. पट्टी किंवा मोजा बांधलेल्या पायाने चालले, की पोटरीच्या प्रत्येक आवळण्याने रक्त वर जाते. उभे राहण्याचे काम असेल, तर दर अर्ध्या तासाने जागच्या जागी टाचा वीस वेळा उचलाव्यात. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्यांनी मोज्यांच्या दोन्ही जोड्या सोबत न्याव्यात आणि दुपारच्या विश्रांतीत पाय बोचक्यावर उंच ठेवावेत.

दुसरा सोबती म्हणजे पाय उंच करणे. दिवसातून तीनचार वेळा अर्धा तास पाय छातीपेक्षा उंच राहतील असे पडावे. खुर्चीवर बसून पाय स्टुलावर ठेवणे पुरेसे नाही. रात्रीसाठी खाटेच्या पायथ्याच्या दोन्ही खुरांखाली दोन दोन विटा ठेवाव्यात. ज्यांच्या रोहिणी अरुंद आहेत किंवा ज्यांना आडवे झाल्यावर धाप लागते, त्यांनी मात्र हे करू नये. डाळी, अंडी, दूध यांतून प्रथिने मिळावीत, वजन आटोक्यात राहावे आणि तंबाखू सुटावी, हे वेगळे सांगायला नको.

शस्त्रक्रियेचा विचारही वेळीच करावा. बिघडलेली वरवरची नीला बंद केली किंवा काढली, तर रक्त निरोगी नीलांतून वर जाते. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात केवळ दाब घेणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांना वर्षभरात व्रण पुन्हा झाला, तर दाबाला शस्त्रक्रियेची जोड दिलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. २०१८ सालच्या दुसऱ्या ब्रिटिश अभ्यासात नीला लवकर बंद केलेल्यांचे व्रण मध्यमानाने ५६ दिवसांत भरले, उशिरा बंद केलेल्यांचे ८२ दिवसांत. म्हणून नीलांची डॉप्लर सोनोग्राफी एकदा करून घ्यावी. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारावे. आणि हेही ध्यानात घ्यावे, की या दोन्ही अभ्यासांत शस्त्रक्रिया झालेल्यांनीही दाब सोडला नव्हता.

जखम भरल्यावर

सर्वांत मोठी चूक येथेच होते. जखम भरते, घरात आनंद होतो, मोजे कपाटात जातात. झडपा मात्र बिघडलेल्याच असतात. काही महिन्यांत त्याच जागी पुन्हा ओल दिसते. चष्मा लावला म्हणून डोळे बरे होत नाहीत. चष्मा लावला असताना दिसते, एवढेच. मोज्यांचेही तसेच समजावे. ते रोजचे आहेत आणि बहुतेकांना आयुष्यभराचे आहेत.

रोजचे म्हटले, की ते काम कोणाचे, हा प्रश्न येतो. एक घर डोळ्यांपुढे आणा. आजोबांनी चाळीस वर्षे पिठाची गिरणी चालवली. आता कंबर वाकत नाही, हात घोट्यापर्यंत पोचत नाही. डॉक्टरांनी दिलेले मोजे उशाशी तसेच पडून असतात. आजींच्या बोटांत जोर नाही. सूनबाई मोजे हातात घेते, तर आजोबा पाय मागे ओढतात. ‘पोरी, तू माझ्या पायाला हात लावू नकोस. वास येतो.’ यावर ती काय म्हणेल? ‘आबा, सणावाराला पाया पडते तेव्हा हात लावतेच ना? आता रोज लावीन.’ एवढे बोलणे झाले, की पुढचे काम पाच मिनिटांचे आहे.

वाचकहो, आपल्या घरात असा पाय असेल, तर या आठवड्यात तीन गोष्टी करा. डॉक्टरांकडून पायाची नाडी तपासून घ्या. पट्टी किंवा मोजे कसे चढवायचे ते घरातील एकाने तरी समोर बसून शिकून घ्या. आणि सकाळी मोजे कोण घालणार आणि रात्री कोण काढणार, ते आजच ठरवून टाका. अश्वत्थाम्याच्या शापात जखम जितकी कठोर होती, तितकेच तिच्यासह एकटे हिंडणे कठोर होते. दाबाने जखम भरेलच, पण मागच्या खोलीतले ते माणूस पंगतीत परत यायला घरातले दोन हात लागतील.

पुढील अंकात मधुमेहींच्या पावलांची निगा.